उणिवेचे औषध: परळ, फॉलिक ॲसिड आणि कर्करोग

मुंबईच्या परळमध्ये हाफकिन संस्था आणि टाटा मेमोरियल रुग्णालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पहिली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्लेगमध्ये जन्मली, दुसरे १९४१ साली दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून उभे राहिले. आज फॉलिक ॲसिड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाचा माग पहिल्यांदा लागला तो हाफकिनमध्ये चाललेल्या कामातून, आणि त्याच जीवनसत्त्वाची वाट अडवणारे औषध आज टाटामध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना दिले जाते. या दोन टोकांमध्ये नव्वद वर्षांचा इतिहास आहे. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो का, झालेला कर्करोग आटोक्यात राहतो का, हे प्रश्न घरोघरी विचारले जातात. त्यांचे उत्तर याच इतिहासात मिळते. व्हिटॅमिन हे उणिवेचे औषध आहे. शरीरात त्याची उणीव असेल तर ते जीव वाचवते. उणीव नसताना वरून ओतलेले व्हिटॅमिन कर्करोगाविरुद्ध ढाल होत नाही, आणि काही वेळा ते कर्करोगाच्याच पथ्यावर पडते. ही गोष्ट एका प्रयोगावरून कुणी ठरवलेली नाही. माणसांवर केलेल्या मोठमोठ्या चाचण्यांनी ती पुनःपुन्हा दाखवून दिली आहे.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिनमधले ते काम सुरू झाले. शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायकांना एका विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत होता. त्यांच्यात गिरण्यांत राबणाऱ्या बायकाही होत्या. अंगावर सूज, चेहरा पांढराफटक, धाप, आणि बाळंतपणाच्या आगेमागे मृत्यू, असे या आजाराचे रूप होते. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. त्या काळी अशा मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर यकृताचा अर्क हे नवे औषध होते. विल्स यांच्या लक्षात आले की यकृताचा साधा, कच्चा अर्क या बायकांना लागू पडतो. पण तोच अर्क शुद्ध करून दिला की काही उपयोग होत नाही. म्हणजे शुद्ध करताना जे टाकून दिले जात होते, त्यातच या आजाराचे औषध होते. मग त्यांनी बायकांच्या ताटाकडे लक्ष वळवले. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ज्यांचे जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात हा रक्तक्षय सर्वाधिक आढळला, आणि गरीब मुसलमान बायका त्यात सर्वांत पुढे होत्या. संसर्गाचे कारण शोधण्याचा नाद सोडून विल्स यांनी अन्नातल्या उणिवेचा माग धरला, आणि तो बरोबर निघाला.

पुढची पायरी प्राण्यांची. मुंबईच्या गरीब बायका जे खात, तसेच अपुरे अन्न माकडांना दिल्यावर त्यांच्याही रक्तात मोठ्या पेशींचा रक्तक्षय उभा राहिला. यकृताचा अर्क महाग असल्यामुळे विल्स स्वस्त पर्याय शोधत होत्या. तो त्यांना मार्माइटमध्ये सापडला. बिअर तयार झाल्यावर मागे उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा काळा, खारट, चिकट पदार्थ इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ला जाई. तो माकडांना दिला, मग बायकांना दिला. काही दिवसांतच रुग्णाची भूक परत येई आणि रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागत. १९३१ साली हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टमधल्या त्या अज्ञात पदार्थाला पुढे बरीच वर्षे ‘विल्स घटक’ म्हणत. हा पदार्थ हिरव्या पालेभाज्यांतही असतो हे नंतर कळले, आणि १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढताना त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. पेशीला दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते, आणि त्या कामाला लागणारा कच्चा माल फॉलिक ॲसिडशिवाय बनत नाही. ते नसेल तर अस्थिमज्जेतल्या पेशी वाढतात पण वेळेवर दुभंगत नाहीत, म्हणून त्या मोठ्या राहतात आणि कमी पडतात. मुंबईतल्या बायकांच्या रक्तात हेच घडत होते.

इथून गोष्ट कर्करोगाकडे वळते. भराभर दुभंगणारी पेशी म्हणजे जशी गर्भाची पेशी, जशी अस्थिमज्जेची पेशी, तशीच कर्करोगाची पेशी. पहिल्या दोघींना ज्या रसदीची गरज, तिची तिसरीलाही गरज. आज हे सरळ वाटते; १९४० च्या दशकात ते कुणाच्या मनात नव्हते. उलट फॉलिक ॲसिडमुळे उंदरांच्या गाठी विरघळल्याच्या बातम्या न्यूयॉर्कमधून आल्या होत्या आणि डॉक्टरांच्या आशा वाढल्या होत्या. न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ले प्रयोगशाळेत भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी तोवर फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवू लागले होते. सुब्बाराव यांचा भाऊ तरुण वयात संग्रहणीने गेला होता, आणि संग्रहणी हाही फॉलिक ॲसिडच्या उणिवेशी जोडलेला आजार. बोस्टनच्या बालरुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी लेडर्लेकडून फॉलिक ॲसिडची संयुगे मागवली आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिली. त्या काळी या मुलांसाठी दुसरा कुठलाच उपाय नव्हता. ही मुले दगावल्यावर फार्बर यांनी त्यांपैकी ११ जणांचे शवविच्छेदन तपासले. अस्थिमज्जेत आणि इतर अवयवांत आजार नेहमीपेक्षा वेगाने पसरल्याचे त्यांना दिसले. शक्ती म्हणून दिलेले जीवनसत्त्व आजारालाच बळ देत होते, असा अर्थ त्यांनी लावला.

या दुःखद निरीक्षणातून फार्बर यांनी उलटा विचार केला. फॉलिक ॲसिडने आजार वाढत असेल, तर फॉलिक ॲसिडची वाट अडवली तर तो थांबेल का? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत अशी रसायने तयार होत होती. त्यांची घडण फॉलिक ॲसिडसारखीच, पण एखाद-दुसऱ्या जागी फरक केलेली. पेशी त्यांना फॉलिक ॲसिड समजून आत घेते आणि तिचे डीएनए बनवण्याचे काम अडून बसते. त्यांतले अमायनोप्टेरिन हे रसायन १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी मुलांना द्यायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांची प्रकृती सुधारली होती. सूज उतरली, रक्तातल्या रोगट पेशी घटल्या, अंथरुणाला खिळलेली मुले हिंडू-फिरू लागली. ही सुधारणा काही आठवडे-महिनेच टिकली, तरीही रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटू शकतो हे त्या दिवशी पहिल्यांदा ठरले. त्यानंतर दोनच महिन्यांनी सुब्बाराव यांचे निधन झाले. अमायनोप्टेरिनची जागा पुढे त्याच घराण्यातल्या मेथोट्रेक्सेटने घेतली. १९५६ मध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेच्या पेशींपासून होणारा एक घातक कर्करोग मेथोट्रेक्सेटने आटोक्यात आणल्याचे दाखवले, आणि पुढे त्या आजाराच्या बायका पूर्णपणे बऱ्या होऊ लागल्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यावरच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर एक चाचणी झाली. मेथोट्रेक्सेटच्या आठवड्याच्या गोळ्या आणि सेलेकॉक्सिब घेणारे रुग्ण सरासरी साडेसात महिने जगले, तर शिरेतून महागडे सिस्प्लॅटिन घेणारे सहा महिन्यांच्या आसपास. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने गरीब रुग्णाला घरी बसून घेता येईल असा उपचार मिळाला. विल्स यांनी ज्या पदार्थाच्या उणिवेतून बायकांना वाचवले, त्याच पदार्थाची कृत्रिम उणीव निर्माण करून त्याच परिसरात कर्करोगाशी लढा दिला जातो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. फार्बर यांचे निरीक्षण थोड्या मुलांचे होते, तुलनेसाठी निवडलेला गट त्यांच्याकडे नव्हता, आणि आज फॉलिक ॲसिड कोट्यवधी बायका घेतात. मग त्यांना कर्करोगाचा धोका आहे असे म्हणायचे का? याचे उत्तर आकड्यांत आहे, आणि ते दिलासा देणारे आहे. नॉर्वेत हृदयरोग्यांवर झालेल्या दोन चाचण्यांत मिळून ६,८३७ जणांचा पाठपुरावा झाला, आणि २००९ मध्ये फॉलिक ॲसिड व बी-१२ घेणाऱ्यांत कर्करोग सुमारे २१ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे जाहीर झाले. मोठ्या आतड्यात आधी गाठी झालेल्या १,०२१ लोकांवरच्या अमेरिकी चाचणीतही फॉलिक ॲसिडने नव्या गाठी कमी झाल्या नाहीत. पुढच्या टप्प्यावरच्या गाठींचे प्रमाण उलट वाढलेले दिसले. मात्र २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ने १३ चाचण्यांतल्या जवळजवळ ५० हजार लोकांची माहिती एकत्र करून मांडली, तेव्हा फॉलिक ॲसिडमुळे एकूण कर्करोग ठळकपणे वाढतो असे दिसले नाही. तो कमी होतो असेही दिसले नाही. म्हणजे नेहमीच्या मात्रेत फॉलिक ॲसिडला घाबरण्याचे कारण नाही, आणि कर्करोग टाळण्यासाठी ते घेण्याचेही कारण नाही. गरोदरपणाची गोष्ट वेगळी. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दाखवले की आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत दोष असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर पुढच्या बाळातला तो दोष ७२ टक्के वेळा टळतो. आशाताई गरोदर बाईच्या हातावर ठेवतात ती लोह-फॉलिकची लाल गोळी म्हणजे विल्स यांच्या कामाचा थेट वारसा आहे, आणि ती न चुकता घेतलीच पाहिजे. एकाच पदार्थाबद्दलचे हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहीत. गरोदर बाईच्या शरीरात गरज वाढलेली असते, ती भरली जाते. गरज भागलेल्या माणसात भरण्यासारखे काही उरलेलेच नसते.

फॉलिक ॲसिडचा हा धडा १९४८ मध्येच शिकता आला असता. पण व्हिटॅमिनच्या इतिहासाने दुसरीच वाट धरली. स्कर्व्ही, बेरीबेरी, मुडदूस, रातांधळेपणा असे एकेक आजार व्हिटॅमिनने हटताना पाहिलेल्या पिढीला वाटले की थोड्याने इतके होते, तर पुष्कळाने किती होईल. या विश्वासाला सर्वांत मोठे वजन मिळाले ते लायनस पॉलिंग यांच्यामुळे. रसायनशास्त्राचे १९५४ चे आणि शांततेचे १९६२ चे नोबेल मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधले शल्यविशारद इवान कॅमेरॉन यांच्या साथीने १९७६ मध्ये असे मांडले, की दररोज १० ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलेले १०० असाध्य रुग्ण इतर १,००० रुग्णांपेक्षा चौपट जगले. १० ग्रॅम म्हणजे स्कर्व्ही टाळायला लागणाऱ्या मात्रेच्या हजारपट. पण ते १,००० रुग्ण जुन्या नोंदवह्यांतून निवडलेले होते. कुणाचा आजार कधी ‘असाध्य’ ठरवला गेला यात दोन गटांत फरक होता, आणि तेवढ्या फरकाने जगण्याचे दिवस कागदावर वाढू शकतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हाच दावा कसोटीला लावला. रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एकाला व्हिटॅमिन सी, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कुणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही. १९७९ आणि १९८५ अशा दोन्ही वेळा काहीच फरक दिसला नाही. पॉलिंग यांचा आक्षेप असा होता की पहिल्या चाचणीतल्या रुग्णांनी आधी केमोथेरपी घेतलेली होती. तो विचारात घेऊन दुसऱ्या चाचणीत केमोथेरपी न घेतलेले रुग्ण निवडले गेले, तरी निकाल तोच आला. तोंडाने घेतलेले व्हिटॅमिन सी आतडे एका मर्यादेपलीकडे शोषत नाही, म्हणून ते शिरेतून दिले पाहिजे, असे आजही काही जण म्हणतात. त्यावर संशोधन चालू आहे. पण शिरेतून प्रचंड मात्रेत दिलेला पदार्थ म्हणजे एक नवे औषध. इतर कुठल्याही औषधाइतकीच कडक परीक्षा त्याला द्यावी लागेल, आणि ‘ते तर साधे व्हिटॅमिन’ ही ओळख त्याच्या कामी येणार नाही.

पॉलिंग यांच्या दाव्यामागे निदान कच्चा पुरावा होता. बीटा-कॅरोटीनच्या मागे मात्र दमदार पुरावा होता, म्हणूनच त्याचा निकाल अधिक बोलका आहे. गाजर, पालेभाज्या, आंबा यांना रंग देणारा हा पदार्थ शरीरात गेल्यावर व्हिटॅमिन ए होतो. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांना, ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त त्यांना, फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसले होते. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रश्न विचारला, की हा पदार्थ दिल्याने कर्करोग खरोखर कमी करता येईल का, आणि उत्तर चाचणीनेच द्यावे असे सुचवले. फिनलंडने ते मनावर घेतले. १९८५ पासून ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई, दोन्ही, किंवा नुसती निरुपयोगी गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता आणि एकूण मृत्यू ८ टक्क्यांनी. अमेरिकेत त्याच वेळी धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ लोकांवर बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन एची चाचणी चालू होती. ती चाचणी जानेवारी १९९६ मध्ये ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त भरले. ज्यांना वाचवायचे म्हणून गोळी दिली, त्यांतलेच काही गोळीमुळे गेले.

मग आधीचा पुरावा खोटा होता का? तो खोटा नव्हता. त्याचा अर्थ लावताना चूक झाली होती. फिनलंडच्या याच चाचणीत आणखी एक नोंद आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे. गोळी सुरू होण्यापूर्वी ज्यांच्या रक्तात जेवणातून आलेले बीटा-कॅरोटीन जास्त होते, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमीच झाला. म्हणजे त्याच माणसांत, त्याच पदार्थाची ताटातली खूण कर्करोग कमी असल्याचे सांगत होती आणि गोळी तो वाढवत होती. भाज्या खाणारा माणूस एकच रसायन खात नाही. त्याच्या ताटात शेकडो पदार्थ असतात, त्याची सिगारेट कमी असते, दारू कमी असते, खिशात थोडे अधिक पैसे असतात. बीटा-कॅरोटीन हे या साऱ्या राहणीचे चिन्ह होते. चिन्ह उचलून त्याची गोळी केली म्हणून राहणी बदलत नाही. शिवाय मात्रेचा प्रश्न होताच. गोळीमुळे रक्तातले प्रमाण जेवणातून कधीच पोहोचणार नाही इतके वर गेले. पुढे अमेरिकेत फेरेट या प्राण्यांना बीटा-कॅरोटीनची मोठी मात्रा आणि सिगारेटचा धूर एकत्र दिल्यावर त्यांच्या फुप्फुसांत कर्करोगाच्या वाटेवरचे बदल दिसले. धुराने भरलेल्या फुप्फुसात हा पदार्थ मोडून त्याचे घातक तुकडे होतात, हे त्याचे आजचे पटणारे स्पष्टीकरण आहे. धूम्रपान न करणारे बहुसंख्य असलेल्या २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवर बारा वर्षे बीटा-कॅरोटीनची चाचणी झाली, तेव्हा अपाय दिसला नाही आणि फायदाही दिसला नाही.

या मांडणीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा चीनमधून येतो. लिनशियान हा हेनान प्रांतातला भाग अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध होता. तिथल्या २९,५८४ लोकांना १९८६ पासून पाच वर्षे व्हिटॅमिन आणि खनिजांच्या वेगवेगळ्या जोड्या दिल्या गेल्या. बीटा-कॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी, कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी आणि जठराच्या कर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. व्हिटॅमिन कर्करोगापासून वाचवते असे म्हणणाऱ्यांनी या चाचणीकडे बोट दाखवावे हे योग्यच आहे. पण लिनशियानच्या लोकांचा आहार अतिशय निकृष्ट होता. अनेक पोषक द्रव्ये त्यांच्या शरीरात मुळातच कमी होती. म्हणून तर ती जागा चाचणीसाठी निवडली गेली. तिथे गोळीने उणीव भरली आणि लाभ झाला. फिनलंडच्या पोट भरलेल्या पुरुषांत तीच बीटा-कॅरोटीनची गोळी उलटली. दोन्ही निकाल समोरासमोर ठेवले की नियम स्पष्ट दिसतो. केरळमधला अनुभवही याला जवळचा आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या १६० लोकांच्या तोंडात, कर्करोगाकडे नेऊ शकणारे पांढरे चट्टे होते. त्यांतल्या एका गटाला वर्षभर व्हिटॅमिन ए मोठ्या मात्रेत दिल्यावर त्या गटातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांचे चट्टे पूर्ण गेले. निरुपयोगी गोळी घेणाऱ्यांत असे दहांपैकी एकच होता. पण गोळ्या थांबल्यावर बरे झालेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचे चट्टे परत आले. चट्टा घालवणे आणि कर्करोग टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तंबाखूचा विडा तोंडात असेपर्यंत दुसरी साधत नाही.

व्हिटॅमिन ईचा निकालही याच मालिकेतला. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको मिळून ३५,५३३ पुरुषांवरची चाचणी २००८ मध्ये थांबली, आणि २०११ मध्ये कळले की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला. व्हिटॅमिन डीकडून अजूनही अनेकांना आशा आहे. २५,८७१ अमेरिकी प्रौढांवरच्या चाचणीत रोज २,००० एकक व्हिटॅमिन डी देऊन पाहिले, तर कर्करोग होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत थोडी घट दिसली, पण ती योगायोगाने दिसली नाही असे ठामपणे म्हणता येण्याइतकी नव्हती. हा प्रश्न अजून मिटलेला नाही आणि प्रामाणिक माणसाने तो मिटलेला आहे असे सांगू नये. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनने १४,६४१ अमेरिकी डॉक्टरांत कर्करोग ८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१२ मध्ये दिसले होते; नंतरच्या २१ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत तो लाभ सिद्ध झाला नाही. सगळे जमेस धरले तरी हाती लागते ते एवढेच: लाभ झाला तर पुसट, आणि मोठ्या मात्रेच्या एकेका व्हिटॅमिनचा तोटा मात्र अनेकदा ठळक.

कर्करोग झालेल्यांच्या बाबतीत सावधगिरी आणखी महत्त्वाची आहे. केमो किंवा लाइट (किरणोपचार) चालू झाली की नातेवाईक ‘शक्तीसाठी’ म्हणून व्हिटॅमिनच्या बाटल्या घेऊन येतात. त्यामागे माया असते, आणि रुग्णाला खरोखर काहीतरी द्यावेसे वाटण्यात गैर काही नाही. पण कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवरच्या चाचणीत एका गटाला लाइटच्या काळात आणि नंतर व्हिटॅमिन ई देण्यात आले, त्यांतल्या काहींना सुरुवातीला बीटा-कॅरोटीनही. गोळी चालू असताना त्यांच्यात दुसरा नवा कर्करोग अधिक झाला आणि पुढे मृत्यूही जास्त नोंदले गेले. महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इतके आहेत की ही चाचणी आपल्यासाठीच केली असावी असे वाटावे. किरणोत्सर्ग आणि अनेक केमो औषधे कर्करोगाच्या पेशींवर ऑक्सिडीकरणाने घाव घालतात. ऑक्सिडीकरण रोखणारी गोळी तो घाव बोथट करू शकते, ही भीती त्यामुळे निराधार नाही. फॉलिक ॲसिडचे तर उघडच आहे. मेथोट्रेक्सेट चालू असताना मनाने घेतलेले फॉलिक ॲसिड औषधाचे काम अडवू शकते, आणि कॅपेसिटाबीनसोबत घेतले तर औषधाचा त्रास वाढवू शकते. यावर कुणी म्हणेल की डॉक्टर स्वतःच काही केमोसोबत फॉलिक ॲसिड आणि बी-१२ लिहून देतात. देतात हे खरे आहे. पेमेट्रेक्सेडचा त्रास कमी व्हावा म्हणून ते देतात, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या दिवशी. तिथे व्हिटॅमिन हे औषधोपचाराचा मोजलेला भाग असते, आणि त्याची गरज काय व किती हे आधी तपासलेले असते.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला आहे: आपल्या देशात उणीव इतकी सर्रास असताना सर्वांनी गोळ्या घेतल्या तर बिघडले कुठे? उणीव आहे हे खरेच. बायकांमधला रक्तक्षय, शाकाहारी लोकांमधली बी-१२ ची कमतरता, व्हिटॅमिन डीची कमतरता ही आपल्याकडची रोजची दुखणी आहेत, आणि तपासून ती भरून काढलीच पाहिजेत. विल्स यांनी नेमके हेच शिकवले: आधी कोण आजारी आहे ते पाहा, त्याच्या ताटात काय नाही ते पाहा, मग ते द्या. अडचण त्या बाटलीची आहे जिच्यामुळे माणसाला वाटते की आता कर्करोगाची काळजी घेऊन झाली. महाराष्ट्रात तोंडाचा कर्करोग होतो तो प्रामुख्याने तंबाखू, मशेरी आणि गुटख्यामुळे. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या मिळतातच. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्हीच्या लसीने टळू शकतो आणि तपासणीने वेळेत सापडू शकतो. तंबाखू सोडणे अवघड आहे, लस टोचून घ्यायला हेलपाटे पडतात, तपासणीला जायला लाज वाटते. गोळी गिळणे सोपे आहे. म्हणूनच गोळीवरचा विश्वास महाग पडतो.

व्हिटॅमिनच्या शोधाने आपल्याला मोठे देणे दिले आहे, आणि त्यात परळचा वाटा आहे याचा मुंबईकरांनी अभिमान बाळगावा. त्या देण्याचा मान राखायचा तर ते जिथे उपयोगी आहे तिथेच वापरले पाहिजे. गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर फॉलिक ॲसिड घ्या. रक्ततपासणीत उणीव दिसली तर डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्या. सिगारेट-बिडी ओढत असाल, पूर्वी ओढली असेल, तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांपासून लांब राहा. घरात कर्करोगाचे उपचार चालू असतील तर रुग्ण जे काही घेतो, दुकानातून आणलेल्या ‘शक्तीच्या’ बाटलीसकट, ते सगळे पुढच्या भेटीला सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. आणि कर्करोग टाळण्यासाठी एकच काम हाती घ्यायचे असेल, तर घरातल्या तंबाखूची पुडी आजच बाहेर टाका.